चंद्रीचं पुरे

चंद्री मेंढीचं पोट भरलं की त्याची खबर तिला नाही, तायाप्पा लवट्यांना पोचत असे, याला आज नववा दिवस होता.

त्यामुळे चंद्री खातच राही, आणि तायाप्पा ताटावर बसले की पहिल्याच घासाला त्यांना ढेकर येई. ढेकरेला बाभळीच्या शेंगांचा वास असे. त्यांचा करदोडा तीन बोटं सैल झाला होता. चंद्री मात्र फुगत चालली होती. तिच्या डाव्या कुशीवर टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज येई, आणि ती गाभण होती. असंच चाललं तर ती फुटेल आणि धनी वाळेल, हे घरात सगळ्यांना दिसत होतं.

झालं होतं ते असं. गावात जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले मारण्याचं शिबिर झालं. लवट्यांच्या घरात गाभण मेंढीचा कान टोचत नाहीत. ती व्याली की मगच. म्हणून चंद्रीचा बिल्ला हरवू नये या विचारानं तायाप्पांनी तो आपल्या फेट्यात खोवला. त्याच संध्याकाळी त्यांना काही न खाता पोट भरल्यासारखं वाटलं.

जनावरांचे डॉक्टर मस्के मोटारसायकलवरून आले. त्यांनी दोघांनाही तपासलं.

"बिल्ला म्हणजे पत्ता," ते म्हणाले. "पोट भरलं की 'पुरे'ची चिठ्ठी रक्तात पडते आणि डोक्याकडं निघते. तिचा नंबर तुमच्या डोक्यावर. मग चिठ्ठी दुसरीकडं कुठं जाईल?"

"मंगळवारी खुंटीला अडकवून बघितला." तायाप्पांनी खिशातली वही काढली. "अडीच तासांत सोळा उचक्या."

"कुणाला?"

"चंद्रीला."

"बरोबर. घेणारं कुणी नाही, म्हणून चिठ्ठ्या पोटाकडं परत आल्या."

"तिच्या गळ्यात बांधला तर?"

"गळ्यापर्यंतच पोचेल. डोकं त्याच्या वर आहे, आणि तिला काही फेटा नाही."

तायाप्पांनी ते लिहून घेतलं. "पर सायेब, पोट गच्च असतंय, तरी भाकरी बघून तोंडाला पाणी सुटतंय."

"सुटणारच. खाण्याची गोडी डोक्यातल्या डोक्यात तयार होते, अफूच्या जातीची. तिला पत्ता लागत नाही. चंद्रीचंही तेच. पुरे म्हणणारं कुणी नाही आणि गोडी शाबूत. ती गोडी थांबवायचं इंजेक्शन आहे माझ्याकडं."

"ऱ्हाऊ द्या ते," तायाप्पांच्या पत्नी आक्काताई चुलीजवळून म्हणाल्या. "दिवस भरत आलेत तिचं. खाण्यातलं सुख काढून घ्यायचं नाही."

"मग कान टोचू द्या."

"त्येबी नाही."

मस्क्यांनी बॅग मिटली. "मग ज्याला चिठ्ठी मिळते, त्यानं ती पोचती करायची."

त्या दिवसापासून पोट भरलं की तायाप्पा हातातलं काम टाकून जाळीच्या कुंपणाकडं जात आणि चंद्रीच्या कानात "पुरे" म्हणत. चंद्री तोंडातला घास संपवी आणि मान वळवी. चारा जिरून चिठ्ठ्या थांबल्या की मधल्या वेळात तायाप्पांना अर्धी भाकरी खाता येई. हे बरं चाललं होतं.

मग मेहुण्याच्या गावी त्याच्या पोरीच्या लग्नाची सुपारी फुटली. जेवायला पुरणपोळी होती. तायाप्पांनी पोळीला हात लावला आणि उठलेच.

"दाजी, आमचं गोड लागंना व्हय?" मेहुणा म्हणाला.

"लागतंय की. पर चंद्रीचं पोट भरलंय."

"मग चंद्रीला उठवायचं, तुम्ही का उठताय?"

"तिला ठावं नाही अजून," तायाप्पा म्हणाले आणि सायकल काढली.

सात किलोमीटर. चंद्री आडवी पडली होती. पोट ताठ, पाय लांब, तोंडात तरीही शेंग. आक्काताई तिची कूस चोळत होत्या. "मी धा डाव पुरे म्हणलं. माझं ऐकंना."

"तुला चिठ्ठी आल्याली नव्हती," तायाप्पा म्हणाले. गुडघ्यावर बसून त्यांनी तिच्या कानाला तोंड लावलं. एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा चंद्रीनं शेंग टाकली आणि एवढी लांब ढेकर दिली की बाकीच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. मग कूस बसली. तासाभरानं ती व्याली. मादी कोकरू झालं, काळ्या तोंडाचं.

तिसऱ्या दिवशी मस्क्यांनी चंद्रीच्या कानात बिल्ला मारला. तायाप्पा फेटा काढून उंबऱ्यावर बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांच्या पोटात काहीतरी कुरतडायला लागलं. त्यांनी हात लावून बघितलं. भूक होती, स्वतःची. त्यांनी वही उघडली, वेळ लिहिली आणि डोळे पुसले.

"पिलाचाही नंबर आलाय," मस्के जाता जाता म्हणाले आणि दुसरा बिल्ला पुढं केला. "कान कोवळा आहे. तीन महिन्यांनी मारू."

तायाप्पांचा हात पुढं व्हायच्या आत आक्काताईंनी तो घेतला आणि अंबाड्यात खोवला. "तुम्ही जेवा," त्या म्हणाल्या.

तायाप्पा जेवायला बसले. चौथी भाकरी वाढता वाढता आक्काताई थांबल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं, तरी ढेकर आली. त्यांनी पदरानं ओठ टिपले. ओठांना दुधाचा वास होता.

"आलेच," म्हणून त्या कुंपणाकडं गेल्या.