शालनचा दुसरा भाग

गंगादादा शिंप्याच्या मापांच्या वहीत शालन नावाच्या बाईचं माप होतं. पाठ साडेतेरा, बाही सात, गळा बेताचा. आमच्या तोंडवली गावात शालन नावाची एकही बाई नव्हती. ती एका प्रेमकादंबरीची नायिका. तिचे खांदे निमुळते होते, एवढ्या एका उल्लेखावरून गंगादादांनी बाकीचं माप काढलं होतं.

कादंबरीची लेखिका त्यांची फार लाडकी. तिला ते ‘आमची बाय’ म्हणत. मशीनवर बसले की पुस्तक टाचण्यांच्या उशीला टेकवून उघडं ठेवत. नायिका रडायला लागली की पायडल मंद होई. त्यामुळे लग्नसराईत बायका दुकानात शिरण्याआधी विचारत, “दादानु, आज पुस्तक हसता की रडता?” रडत असेल तर ब्लाउज दोन दिवस उशिरा.

माझं त्यांच्याशी भांडण या पुस्तकांवरूनच. मी तेव्हा गावच्या वाचनालयाचा बिनपगारी ग्रंथपाल होतो. घरी वडिलांनी आणलेली संपाची पत्रकं वाचून वाढलेला. माणसं अर्धपोटी असताना एक गोरीपान नायिका बंदराच्या धक्क्यावर उभी राहून आसवं गाळते, हा मला सरळसरळ अन्याय वाटे. मी तसं तोंडावर सांगेही.

“झिला,” गंगादादा तोंडातली टाचणी न काढता म्हणत, “तुज्या पत्रकाक अस्तर नाय. नुसता टोचता.”

शालनच्या पहिल्या भागात माधव बोटीवर नोकरीला जातो, शालन धक्क्यावर उभी राहते, आणि पुस्तक संपतं. दुसरा भाग यायला चार वर्षं लागली. तेवढ्या काळात गंगादादांनी प्रकाशकाला माझ्याकडून तीन पत्रं लिहून घेतली. शेवटी एसटीच्या पार्सलातून पुस्तक वाचनालयात आलं. आधी मी वाचलं, नावं ठेवायला कारणं हवीत म्हणून. कारणं भरपूर मिळाली. मग ते गंगादादांच्या हाती गेलं.

तिसऱ्या दिवशी दुकान बंद. चौथ्या दिवशी दादांनी पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं.

“बेतल्यान एका बाईक आणि शिवल्यान भलत्याच बाईक! चार वर्सां धक्क्यार उबी रवलेली शालन दुसऱ्याच पानार चायच्या मळेवाल्याशी लगीन लावता? आणि माधव खंय गेलो? एक ओळ नाय तेच्यार! उसवलेली शिवण तशीच सोडल्यान आमच्या बायन.”

मी खुशीत म्हणालो, “बघा! मी सांगतच होतो, ही बाजारू लेखिका...”

“तू गप रव. बायक नावां ठेवूचो अधिकार माजो. तू तिका कधी मायेन वाचलंस?”

आणि पुस्तक बगलेत मारून ते परत गेले.

त्याच आठवड्यात देवळाची जत्रा. आमच्याकडे जत्रेत देवाला गाऱ्हाणं घालतात. एकानं गावाची सुखदुःखं मोठ्यानं सांगायची आणि प्रत्येक मागणीला सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. त्या वर्षी नेहमी गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकाराचा घसा बसला होता, म्हणून गाऱ्हाणं गंगादादांकडे आलं. भातशेती झाली, गुरंढोरं झाली, दर्यावर गेलेल्यांची राखण झाली. मग तोच सूर धरून ते म्हणाले, “आणि बा देवा महाराजा, ती शालन पोर चुकीच्या घरात पडली आसा, तिका सोडव रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

“ज्या बायन ह्या लगीन जुळवल्यान, तिका बरी बुद्दी दी रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

नारळ फुटला. गावकार बसक्या आवाजात म्हणाला, “गंगाराम, शालन खंयच्या वाडीतली रे? पोरीक सासरी तरास आसात तर चार माणसा जावन येवया.”

मी पोट धरून हसलो. गंगादादा हसले नाहीत.

पुस्तकाची मुदत संपली, तेव्हा मी ते आणायला त्यांच्या घरी गेलो. तिन्हीसांज व्हायची होती. पडवीत त्यांची थोरली बहीण, आका, ब्लाउजांना काजं करत बसली होती. आकाचा नवरा बोटीवर खलाशी म्हणून गेला त्याला चौदा वर्षं झाली होती. पहिली दोन पत्रं आली, मग काहीच नाही. आका अजून कुंकू लावायची. तिला अक्षरओळख नव्हती. गंगादादा तिला वाचून दाखवत होते.

“शालननं मळेवाल्याला नकार दिला,” ते शुद्ध पुस्तकी मराठीत वाचत होते. “ती धक्क्यावर आली. लांबून बोटीचा भोंगा ऐकू आला.”

मी अंगणातच थांबलो. पुस्तक मी वाचलं होतं. त्यात भोंगा नव्हता. बोटच नव्हती.

“मगे?” आकाची सुई थांबली. “माधव उतारलो?”

गंगादादांनी पान उलटलं. पुन्हा मागे घेतलं. “उरलेला उद्या,” ते म्हणाले.

मला बघून ते खाली आले आणि माडाच्या आळ्याकडे घेऊन गेले.

“आठ दिवस रेटलंय. पण माधवाक बोटीतसून उतरवक माका जमना नाय. इतक्या वर्सांनी येवन तो बोलतलो काय?” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू लिवतंस मां रे? दोन पाना लिवन दी.”

दोन दिवस खपून मी दोन पानं लिहिली. माझ्या माधवानं परदेशी बंदरात खलाशांची संघटना बांधली होती. मालकांनी त्याची पत्रं अडवली होती. शेवटी मोठा मोर्चा होता, घोषणांसकट.

गंगादादांनी माडाखाली उभ्यानं सगळं वाचलं.

“मोर्चो बरो आसा,” ते म्हणाले. “पण तो मगे काढूया. पयलो तेका घराक आण.”

मी मोर्चा खोडला. खाली लिहिलं: माधव धक्क्यावर उतरला. शालनसमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘उशीर झाला.’

“ह्या पुरे,” गंगादादा म्हणाले. कागद पुस्तकात घालून पडवीत गेले आणि वाचू लागले. मी अंगणात उभा होतो. शेवटची ओळ झाली. आकानं सुई ब्लाउजात खोचून ठेवली.

“गंगाराम,” ती म्हणाली, “शालनीक सांग, तेका आदी जेवक वाढ. बोलणा मगे.”