भाऊंची सिन्नर-परीक्षा

आमच्या कॉलनीत कुणाचं पोर पास झालं, की ते पेढे घेऊन आधी भाऊ जाधवांकडे जायचं. भाऊ पेढा तोंडात टाकायचे, पोराचा दंड चिमटीत धरून द्राक्षाच्या मण्यासारखा दाबून बघायचे आणि सांगायचे, "गोडी भरली नाय अजून." म्हणजे या पोराला परदेशी शिकायला पाठवायची वेळ आलेली नाही. पोराने परदेशाचं नावही काढलेलं नसायचं, ही गोष्ट वेगळी.

भाऊंना हा अधिकार दिला होता आम्हीच. दिंडोरीकडे त्यांची बाग होती आणि तिचा माल कंटेनरमधून लंडनला जायचा. भाऊ स्वतः मुंबईच्या पुढे कधी गेले नव्हते. पण ज्याची द्राक्षं लंडनला जातात त्याला लंडन कळत असणारच, असं आम्हा सातपूरच्या नोकरदारांचं तर्कशास्त्र. नव्वदचं दशक होतं. मुलाला दहावीनंतर पाठवावं, बारावीनंतर की डिग्री झाल्यावर, यावर घरोघरी वाद चालायचे आणि ते मिटवायला भाऊ फुकटात हजर असायचे.

त्यांचा सिद्धांत एकच आणि तो ते मला नेहमी ऐकवायचे. "आंबा आढीत घालून पिकवता येतो, कुलकर्णीसाहेब. द्राक्षाचं तसं नाय. तोडताना जेवढी गोडी, तेवढीच शेवटपर्यंत. लवकर तोडलं तर तिकडं जाऊन आंबटच राहणार."

माझ्या मेव्हण्याने अमेरिकेहून कळवलं होतं, की तुमच्या मुलाला, अमोदला, दहावी झाल्यावर आमच्याकडे पाठवा. भाऊंनी अमोदला परीक्षेला बसवलं. परीक्षा म्हणजे एस.टी.ने एकट्याने सिन्नरला जायचं, तिथे जेवायचं, गाव हिंडायचं आणि संध्याकाळी परत यायचं. घरी फोन केला की नापास. अमोदने सिन्नरच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या एस.टी.डी. बूथ गाठला आणि परतीची गाडी कुठे लागते ते आईला विचारलं. आईला तरी काय ठाऊक? भाऊ म्हणाले, "कच्चा हाय." मेव्हण्याला नकार कळवताना मला वाईट वाटल्याचं मी दाखवलं. अमोदची आई मात्र उघडपणे खूश होती.

मग भाऊंच्या एकुलत्या एका लेकीची, शीतलची दहावी झाली. ती सिन्नरला गेली, जेवली, गोंदेश्वराचं देऊळ निवांत बघून दिवेलागणीला परत आली. फोन नाही की काही नाही. भाऊ म्हणाले, सिन्नर फारच जवळ आहे. बारावीनंतर त्यांनी परीक्षा शिर्डीला नेली. तीही शीतल पास झाली. डिग्रीच्या वर्षी पुणे झालं. पण दरवेळी भाऊंचा निकाल तोच, गोडी भरली नाय. आधी मण्यात नुसतं पाणी उतरलं होतं, मग फुगवण बाकी होती, मग हवाच बरी नव्हती. साऱ्या कॉलनीच्या पोरांना एक नियम आणि शीतलला रोज नवा. आम्ही पाठीमागे हसायचो.

शेवटी तिने स्वतःच अर्ज केला आणि तिला इंग्लंडला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला. भाऊ म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. त्यावर ती माझ्यादेखत शांतपणे म्हणाली, "भाऊ, घड फार दिवस वेलीवर ठेवला तर मणी गळतात. तुम्हीच सांगता ना?"

भाऊ उठून बागेला निघून गेले. आठवडाभर त्यांनी कुणाचा दंड दाबला नाही.

त्या रविवारी सकाळी ते मला स्टँडवर दिसले. पांढरा शर्ट, हातात पिशवी, सिन्नरच्या गाडीत खिडकीशी बसलेले. काय काम काढलं, असं मी विचारलं. "काम नाय. जाऊन येतो," एवढंच म्हणाले.

दुपारी मी त्यांच्या घरी डोकावलो, तर वहिनी ओट्यावर गहू निवडत होत्या. "सिन्नरहून फोन आला होता," त्या हसू दाबत म्हणाल्या. "शीतल जेवली का, म्हणून विचारत होते."

संध्याकाळी भाऊ परतले ते थेट आमच्या पायरीवर येऊन बसले. बराच वेळ पिशवीचे बंद सोडत आणि बांधत राहिले.

"पोरगी तयार हाय, कुलकर्णीसाहेब," ते म्हणाले. "लय दिवसांपासून तयार हाय. मीच कच्चा निघालो."  त्या माणसाला इतकी वर्षं हसलो, याचं मला फार वाईट वाटलं.

शीतल गेली. तिचा तिकडे छान जम बसला. भाऊ अजूनही अधूनमधून पांढरा शर्ट घालून सिन्नरला जाऊन येतात. आता तरी पास होतात का, असं परवा मी वहिनींना विचारलं.

"छे हो," त्या म्हणाल्या. "फोन येतोच. आता विचारतात, तू जेवलीस का."