क.ची ओढ

एक गोष्ट छाती ठोकून सांगतो. गोल फिरणाऱ्या वस्तूंचं मला जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या कोचाबाम्बाच्या खोऱ्यात कुणाला कळत नाही! बावीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवतोय, म्हणून अख्खी गल्ली मला 'प्रोफे' म्हणते. चंद्र पृथ्वीवर का आदळत नाही, हे मी फळ्यावर नऊ मिनिटांत सिद्ध करतो. यंदा मात्र ठरवलं, फळा पुरे! आता मुलांना प्रयोग करून दाखवायचा.

आणि तिथेच माझे ग्रह फिरले.

प्रयोग अगदी साधा. दोरीच्या टोकाला वजन बांधायचं, डोक्यावर गरगर फिरवायचं आणि दहा फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं. शाळेच्या मैदानात फुटबॉल चालतो, म्हणून मी सराव घराच्या गच्चीवर सुरू केला. वजन नीट दिसावं म्हणून ते बायकोच्या लाल रुमालात बांधलं. रोज संध्याकाळी पाचला मी गच्चीवर उभा राहायचो, लाल रुमाल फिरवायचो, मोठ्यानं "एक! दोन! तीन!" म्हणायचो आणि दहावर थांबून घड्याळात बघायचो.

समोरच्या गच्चीवर कासिल्दाबाई, आमच्याकडच्या भाषेत डोन्या कासिल्दा, मका वाळवते. चाळिशीची विधवा, ताडासारखी उंच, आवाज चर्चच्या घंटेसारखा. पाखरं हाकायला तिच्या हातात गोफण असते. माझ्या फेऱ्या संपल्या की तिकडून आवाज यायचा. फट्! फट्! फट्!

मी लक्ष दिलं नाही. गल्लीनं दिलं!

कोपऱ्यावर डॉन हिलारियोन, म्हणजे हिलारियोनराव, जोडे शिवतो. त्याच्या स्टुलावरून दोन्ही गच्च्या दिसतात. हा मनुष्य जोड्याला टाके घालतो चार आणि बातमीला चाळीस! माझ्या सासूबाई, डोन्या प्लासिदा, त्याच्याकडे टाच बसवायला गेल्या होत्या. तो त्यांना म्हणाला, "डोन्या, खूण अगदी सोपी आहे. प्रोफेच्या दहा फेऱ्या, म्हणजे दहा वाजता. तिचे तीन फटके, म्हणजे तिसरं दार!"

सासूबाई एकाच पायात जोडा घालून घरी आल्या.

"जावईबापू, गच्चीवर रोज काय चालतं तुमचं?"

"ओढीचा अभ्यास, सासूबाई."

"ओढीचा?"

"हो! ओढ डोळ्यांना दिसत नाही, पण तीच सगळ्यांना आपल्याभोवती फिरवत ठेवते!"

सासूबाईंनी छातीवर क्रूस काढला. त्या दिवसापासून माझ्यावर पहारा बसला. मी गच्चीवर गेलो की त्या कपडे वाळत घालायला यायच्या. तेच दोन टॉवेल, रोज! मी ब्रेड आणायला निघालो की त्याही निघायच्या. हिलारियोन मला बघून खोकायचा. बाजारात बटाटेवालीसुद्धा विचारू लागली, "प्रोफे, एका घरापुरते देऊ की दोन घरांपुरते?"

आणि माझी बायको एलोइसा? ती काहीच बोलेना! बायको भांडते तेव्हा काय म्हणायचंय ते कळतं तरी. एलोइसा माझ्याकडे बघायची, ओठ दाबायची आणि कांदा चिरायला लागायची. मी मनातून पार हादरलो.

बुधवारी जेवताना स्फोट झाला. सूप वाढून झालं, तशी सासूबाईंनी माझ्या कोटाच्या खिशातला कागद टेबलावर ठेवला. माझी पाठाची टिपणं! त्या चष्मा लावून वाचू लागल्या.

"'व. सतत क.भोवती फिरत राहणार.' हं! 'क.च्या जितकं जवळ, तितका वेग जास्त.' हं हं! 'क.ची ओढ कायम. दोरी तुटली की व. सरळ निघून जाणार!' जावईबापू, तुमचं आडनाव काय?"

"वर्गास. तुम्हाला माहीत आहे."

"व.!"

"व. म्हणजे वस्तू!"

"आणि क.?"

"केंद्र!"

"केंद्र! उंच, समोर राहणारं, मका वाळवणारं केंद्र! आणि ही दोरी कसली? लग्नाचीच ना? एलोइसा, ऊठ, पेटी भर! दोरी तुटायच्या आधी आपणच सरळ निघू!"

एलोइसा म्हणाली, "आई, सूप गार होतंय." आणि पुन्हा ओठ दाबले.

पेटी मात्र भरली गेली. सासूबाईंनीच भरली, रविवारी प्रार्थना झाली की निघायचं म्हणून! दोन घोंगड्या, सगळे चमचे आणि आमच्या लग्नाचा फोटो, माझी बाजू आतल्या अंगाला दुमडून.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? एवढं सगळं ऐकून मलाही संशय यायला लागला. कासिल्दाचा! माझ्या दहा फेऱ्यांनंतरच ती गोफण का फिरवते? गुरुवारी मी मुद्दाम पाच फेऱ्यांवर थांबलो. लगेच फट्! शुक्रवारी थांबलोच नाही, फिरवतच राहिलो. तिकडून फटाफट नुसती आतषबाजी! मी विचारात पडलो. बिचारी एकटी बाई. समोर शिकलेला, भारदस्त पुरुष. मन आहे, ओढलं गेलं असेल! शनिवारी मी गच्चीवर जाताना केसांना तेल लावलं आणि पोट आत घेतलं. केवळ शिष्टाचार म्हणून हं!

रविवारी मी निर्णय घेतला. संसार वाचवायचा तर विज्ञानच वाचवणार! प्रार्थना संपवून अख्खी गल्ली परत येत होती. मी रस्त्याच्या मधोमध पाण्यानं भरलेली बादली घेऊन उभा राहिलो.

"मंडळी!" मी ओरडलो. "माझ्यावर नाही ते आळ आले आहेत! ही भरलेली बादली मी उभी गोल फिरवणार आहे. डोक्यावर उलटी होईल, पण थेंब सांडणार नाही! हाच माझा अभ्यास, आणि हेच माझं लफडं!"

"कडी तपासलीत का, प्रोफे?" हिलारियोननं विचारलं.

त्याला कडीची काळजी कशाला? मला त्याचाही संशय आला. मी त्याच्यासमोर कडीचा उजव्या बाजूचा आकडा हलवून दाखवला. भक्कम होता! डाव्या बाजूचा मी बघितला नाही.

पहिली फेरी. थेंब नाही! दुसरी. थेंब नाही! लोक टाळ्या वाजवू लागले. सासूबाईंचा चेहरासुद्धा जरा सैल झाला. मला जोर चढला. तिसरी फेरी मी अशी घेतली की खांद्यातून कटकन आवाज आला.

पण तो आवाज खांद्याचा नव्हता.

सुटलेली वस्तू वर्तुळ सोडून सरळ निघते, हे मी बावीस वर्षं शिकवतोय. बादलीनं ते तंतोतंत पाळलं. ती वर गेली, रस्ता ओलांडला आणि डोन्या कासिल्दाच्या गच्चीवर उतरली! धडाम! मग पाण्याचा आवाज.

"बघा!" सासूबाई किंचाळल्या. "याची बादलीसुद्धा तिकडेच जाते!"

कासिल्दा खाली आली. केसांतून पाणी, खांद्यावर मक्याचे दाणे, हातात गोफण. गर्दी दोन पावलं मागे सरकली. मी चार!

"महिना झाला!" ती गरजली. "महिनाभर हा माणूस रोज लाल फडकं फिरवतो! पलीकडच्या झाडावरचे पोपट बिथरतात आणि थव्यानं माझ्या मक्यावर येऊन बसतात! गोफण मारून मारून खांदा निखळायची वेळ आली माझी! वाटलं, शिक्षक आहे, डोक्यावर परिणाम झाला असेल. दया येऊन गप्प बसले. आणि आज सगळा मका भिजवला!"

हिलारियोनला अचानक आठवलं की दुकान उघडं राहिलंय. सासूबाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे... ते तीन फटके?"

"पोपटांना, डोन्या! मग कुणाला, याला?"

तिनं 'याला' हा शब्द कसा उच्चारला, ते मी लिहीत नाही.

दुपारभर मी कासिल्दाच्या गच्चीवर गुडघे टेकून भिजका मका पसरत होतो. घरी आलो तेव्हा पेटी रिकामी झाली होती आणि चमचे जागेवर होते. एलोइसानं माझ्या पाठीला मलम चोळायला घेतलं. माझा ऊर भरून आला.

"एलोइसा, सगळ्या गावानं संशय घेतला. तुला एकदाही आला नाही?"

"नाही बाई! हसू आवरताना मात्र जीव गेला माझा."

"एवढा विश्वास आहे तुझा माझ्यावर!"

"तुझ्यावर कसला? कासिल्दा माझ्या वर्गात होती. पहिल्यापासून फार चोखंदळ आहे ती!"

खुर्चीत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली, मला नखशिखांत न्याहाळलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! हे मला आधी कसं सुचलं नाही?"