हलकी तोफ पायदळास जोडण्याबाबत

जगातले प्रत्येक युद्ध मुळात जागेवरून होते. आमची युद्धेही याला अपवाद नाहीत. ती लाँड्रीच्या माडीवरच्या खोलीत होतात, कारण टेबल-टेनिसचे टेबल मावेल आणि त्याभोवती सात माणसे पोट आत न घेता फिरू शकतील अशी दुसरी जागा मिळालेली नाही. (सहा माणसे. बेकरीवाल्यांना घ्यावे लागते.)

आमचे मंडळ ऐतिहासिक लढाया खेळते. म्हणजे बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई आम्ही स्वतः रंगवतो, टेबलावर मांडतो, फूटपट्टीने अंतर मोजून पुढे सरकवतो आणि फासा टाकून मारतो. तीनशे वर्षांपूर्वी एक निळा राजा आणि एक तांबडा राजा लढले. ते का लढले हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हते, पण त्यांच्या शिपायांच्या कोटाला गुंड्या किती होत्या हे आम्हाला ठाऊक आहे (बावीस). मी या मंडळाचा चिटणीस. पूर्वी मी शाळेत भूगोल शिकवत असे, पण तिथे माझे कोणी ऐकत नसे. इथेही ऐकत नाहीत, पण लिहून घेतात.

आता मुख्य विषय. जड तोफेचा कोणाला त्रास नसतो. ती टेकडीवर बसते आणि बसल्या जागेवरून गोळे टाकते. हलकी तोफ दोन चाकांची, चार माणसांनी हाताने ओढायची, पायदळाच्या एखाद्या पलटणीला जोडलेली. ती पायदळात राहते पण पायदळ नव्हे, घरजावयासारखी. तिने कोणाचे ऐकायचे, कधी चालायचे आणि कधी उडायचे यावर मंडळात दहा वर्षे चर्चा झाली. तीन उपसमित्या नेमल्या. त्यांपैकी एक चहाला म्हणून गेली ती परतलीच नाही (तिने पुढे पत्त्यांचे मंडळ काढले). अखेर गेल्या वर्षी नियम मंजूर झाले. ते इतके न्याय्य आहेत की वाचून दोन्ही बाजूंना सारखेच वाईट वाटते.

नियम चौदा : पलटण पुढे सरकली की जोडलेल्या तोफेने तिच्याबरोबर जावे.

नियम पंधरा : चाललेल्या तोफेने त्या फेरीत उडू नये. (माणसे ओढण्यात गुंतलेली असतात.)

नियम सोळा : शत्रू समोर असता तोफवाल्या पलटणीने पुढे सरकलेच पाहिजे. जागच्या जागी उभे राहण्याची मुभा तिला फक्त कच खाल्ल्यावर राहील.

नियम सतरा : मार बसला की पलटणीने फासा टाकावा. एक किंवा दोन पडल्यास तिने कच खाल्ली असे समजावे. मात्र तोफ जवळ असल्याने माणसांना धीर येतो, म्हणून तोफवाल्या पलटणीने फक्त एक पडल्यासच कच खावी.

सुज्ञांच्या लक्षात आले असेलच. पलटण कच खाईल तरच तोफ उडेल, आणि तोफ आहे म्हणून पलटण कच खात नाही. वर्षभरात बारा लढाया झाल्या. त्यांत ही तोफ एकूण नऊ मीटर ओढली गेली, आणि उडाली शून्य वेळा. दोनदा पलटणीने कच खाल्ली खरी, पण एकदा शत्रू पल्ल्याबाहेर होता आणि एकदा चहाला गेला होता.

तोफ चष्मेवाल्यांची (चष्म्याचे दुकान त्यांचे). त्यांनी ती सात महिने रंगवली. भिंगाखाली धरून चारही गोलंदाजांच्या भुवया काढल्या, त्यातल्या एकाच्या रागावलेल्या आहेत. त्यांच्या उजव्या हाताचा कंप वाढत चालला आहे. पुढची तोफ त्यांच्या हातून रंगणार नाही, हे त्यांना माहीत आहे आणि आम्हालाही, त्यामुळे त्यावर ठराव झालेला नाही. ठराव झालेला आहे तो नियम अठरा : लागोपाठ तेरा लढायांत न उडालेली तोफ शोभेची वस्तू समजून कायमची काचेच्या कपाटात ठेवावी. कपाटात सध्या एक पवनचक्की आणि डोके उलटे बसलेला एक राजा आहे.

नियम अठरा मांडला मोजणीदारांनी. हे निवृत्त मोजणी अधिकारी, आणि चष्मेवाल्यांचे व्याही. यांची मुलगी त्यांच्या घरात दिली आहे. जमिनी मोजण्याच्या चौतीस वर्षांत त्यांनी कोणाला बोटभर जागा जास्त दिली नाही, सख्ख्या मेव्हण्यालाही नाही (तेव्हापासून मेव्हणे बोलत नाहीत). नियम मांडताना ती तोफ कोणाची हे त्यांच्या ध्यानात आले नाही. ध्यानात आले तेव्हा नियम मंजूर झाला होता, आणि मंजूर नियम बदलायचा तर आधी उपसमिती लागते.

तेराव्या लढाईत चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा चष्मेवाल्यांसमोर नेमके व्याहीच आले. दुपारचे तीन वाजले होते.

चष्मेवाल्यांनी शांत डोक्याने योजना आखली होती. आपली निळी पलटण होईल तितक्या लवकर घाबरवायची. म्हणून त्यांनी ती आडोसा सोडून उघड्या माळावर नेली आणि शत्रूपुढे आणून ठेवली. युद्धशास्त्रात याला घोडचूक म्हणतात, पण युद्धशास्त्र आमच्या नियमांआधीचे आहे.

"झाडा, व्याहीबुवा. संकोच करू नका."

"अहो, झाडतोच आहे मी. पण तुमची माणसं भ्यायला नकोत का?"

माणसे भ्याली नाहीत. जन्मभर ज्यांच्या फाशावर तिनाच्या वर काही पडले नाही, त्या चष्मेवाल्यांना सहा पडले. मग पाच, मग पुन्हा सहा. निळी पलटण तोफ ओढत पुढे निघाली. तिने कुंपण घेतले, ओढा ओलांडला आणि ज्यावर लढाईचा निकाल ठरायचा तो पूल ताब्यात घेतला. चौथ्या फेरीअखेर तांबड्यांचे दोन तृतीयांश सैन्य टेबलाच्या कडेला आडवे होते. मंडळाच्या स्थापनेपासून चष्मेवाले एकही लढाई जिंकले नव्हते.

"जिंकतोय की हो मी," ते रडवेल्या आवाजात म्हणाले.

बेकरीवाल्यांनी त्यांचे अभिनंदन केले. चष्मेवाल्यांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर त्या चिडक्या गोलंदाजाच्या भुवयांखाली शोभली असती.

आठवी फेरी शेवटची. मोजणीदारांकडे एकच पलटण उरली होती. युद्धशास्त्राप्रमाणे त्यांनी माघार घ्यायला हवी होती. त्यांनी एकदा काचेच्या कपाटाकडे पाहिले, एकदा व्याह्यांच्या हाताकडे पाहिले आणि पलटण तिथेच उभी ठेवून शेवटची फैर झाडली. चष्मेवाल्यांनी फासा टाकला. तो घरंगळत गेला, कपाच्या बशीला आपटला आणि थांबला.

एक!

"खाल्ली! कच खाल्ली!" चष्मेवाले ओरडले. स्वतःचे सैन्य हबकल्याचा इतका आनंद कोणत्याही सेनापतीला झाला नसेल. सगळे टाळ्या पिटू लागले. लाँड्रीवाल्याने खालून काठीने छताला ठोकले.

मग मोजणीदारांनी आपली पोलादी पट्टी टेबलावर ठेवली. हलक्या तोफेचा पल्ला आठ इंच. ते वाकले, एक डोळा मिटला, पुन्हा उघडला.

"सव्वाआठ," ते म्हणाले.

चष्मेवाल्यांनी मान हलवली आणि तोफ उचलायला हात पुढे केला.

"थांबा," मोजणीदार म्हणाले. "परत मोजतो. या चष्म्यातून मला जरा अंधुकच दिसतंय."

"छे!" चष्मेवाले ताठ झाले. तोफेचा प्रश्न वेगळा, धंद्याचा वेगळा. "गेल्याच महिन्यात तपासलाय मी तुमचा नंबर. काच एकदम बरोबर आहे."

"अहो, गप्प बसा ना जरा!"

सात वर्षांच्या सोयरिकीत व्याही व्याह्याशी असे प्रथमच बोलले. चष्मेवाल्यांनी हात मागे घेतला. मोजणीदार टेबलावर नीट ओणवे झाले, पट्टी लावण्यासाठी आणखी ओणवे झाले, आणि त्यांचे पोट तांबड्या पलटणीला मागून लागले. पलटण अर्धा इंच पुढे आली.

"पावणेआठ," त्यांनी जाहीर केले. चौतीस वर्षे ज्या आवाजात त्यांनी भाऊबंदांची भांडणे मिटवली (किंवा लावली), त्याच आवाजात.

चार किंवा अधिक पडले तर नेम लागणार होता. चष्मेवाल्यांचा हात इतका थरथरत होता की त्यांनी फासा दोन्ही हातांच्या ओंजळीतून सोडला. तो फिरत राहिला, फिरत राहिला, आणि चारावर टेकला.

तोफ उडाली. तिने तांबड्यांचा एक ढोलवाला मारला. मोजणीदारांनी स्वतः तो दोन बोटांनी उचलला आणि आडवा ठेवला. "काय नेम आहे हो तुमचा!" असे ते म्हणाले आणि नाक शिंकरायला खिडकीशी गेले. चष्मेवाले खुर्चीत बसून तोफेकडे बघत हसत होते. अखेरच्या फेरीत कच खाल्लेल्या पलटणीचा ताबा ग्राह्य धरला जात नाही, त्यामुळे पूल गेला आणि लढाई ते नेहमीप्रमाणे हरले. त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. मला फार बरे वाटले, आणि हे मी इतिवृत्तात लिहिले आहे.

पुढच्या बैठकीत बेकरीवाल्यांनी लेखी विचारणा केली की सव्वाआठचे पावणेआठ कसे झाले. प्रश्न गंभीर होता. मी नियम एकोणीस वाचून दाखवला : मोजमापावरची हरकत फासा थांबण्याच्या आत घ्यावी. ज्याने चूक पाहिली आणि हरकत घेतली नाही, तो चुकीत सामील समजावा. मग मी एकेकाला विचारले. मोजणीच्या वेळी चष्मेवाल्यांनी डोळे मिटले होते. बेकरीवाले बिस्किटाचा पुडा फोडत होते. इतर तिघे एकमेकांकडे बघत होते. मी खिडकीबाहेर पाहत होतो (मी चिटणीस आहे, पाहिले असते तर लिहावे लागले असते). मोजणीदारांना चष्म्यातून अंधुक दिसत होते.

राहता राहिले तुम्ही. पोट पलटणीला लागताना तुम्ही स्वच्छ पाहिलेत. पलटण किती सरकली, तेही तुम्हाला माहीत आहे. फासा चांगला दोनदा फिरत राहिला, तेवढ्यात एक शब्द बोलला असतात तरी चालले असते. पण तुम्ही चार पडायची वाट बघत बसलात. त्यामुळे चौकशीत दोषी म्हणून एकट्या तुमचेच नाव मुक्रर झाले असून, ठराव एकमताने मंजूर आहे. बेकरीवाल्यांनीसुद्धा हात वर केला.