झग्याची अनामत

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. परदेशात कार्डाने पैसे कसे द्यावेत, हे माझ्याइतकं कळणारा माणूस आमच्या कंपनीत दुसरा नाही! बावीस वर्षं मी प्रवासबिलं तपासतोय. विक्री विभागातले लोक परदेशी जाऊन येतात, बिलं माझ्या टेबलावर ठेवतात आणि मी त्यातलं ‘चलन रूपांतर शुल्क’ लाल शाईने कापतो. “अहो, ते बँकेने लावलंय, मी नाही!” असं ते रडकुंडीला येऊन सांगतात. मी विचारतो, “मशीनने विचारलं होतं ना, कुठल्या पैशात द्यायचे म्हणून? मग तिथल्याच पैशात, असं सांगायला काय झालं होतं?” मी स्वतः तोवर देशाबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं, ही गोष्ट खरी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं आमचे विक्रीप्रमुख एकदा लिफ्टमध्ये मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले होते. पण शेळ्या बरोबर वाटेने जात होत्या, हे त्यांनाही नाकारता आलं नसतं.

तर आमच्या लेकीचं परदेशातलं शिक्षण संपलं आणि पदवीदान समारंभाची तारीख आली. तिने फोनवर बजावलं, “बाबा, आईला एकटीला पाठवून मोकळं व्हायचं नाही. मी स्टेजवर जाईन तेव्हा तुम्ही दोघंही हॉलमध्ये पाहिजेत. मी दोन वर्षं त्या एका मिनिटासाठी काढलीयेत.” मलाही भरून आलं. मी म्हटलं, “येणार म्हणजे येणार! आणि त्या दिवशीच्या तुझ्या काळ्या झग्याचा सगळा खर्च माझ्याकडे.” झगा भाड्याने मिळतो, त्याची अनामत भरायची असते आणि झग्याशिवाय स्टेजवर पाय ठेवू देत नाहीत, हे तिने सांगितलं होतं.

मी तयारीला लागलो. परदेशी व्यवहारावर बँक शुल्क घेत नाही असं एक कार्ड शोधून काढलं. मग बँकेत जाऊन त्याची खर्चाची मर्यादा कमी करून घेतली, म्हणजे चोरीला गेलं तरी चोराला फार लाभ व्हायला नको! काउंटरवरचा कारकून माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “साहेब, लोक इथे मर्यादा वाढवायला येतात.”

“लोकांना कळत नाही,” मी म्हटलं.

निघायच्या आदल्या दिवशी बायकोला समोर बसवून धडा दिला. “हे बघ, तिथलं मशीन आपलं कार्ड ओळखतं. मग लाडीगोडी लावतं. म्हणतं, तुमच्या देशाच्या पैशात देता का? माणसाला वाटतं, अरे वा, आपला माणूस भेटला! आणि तिथेच फसतो. भाव त्यांचा असतो, शंभरामागे पाच-सहा सहज जास्त लावतात. आपण काय म्हणायचं?”

“तिथल्या पैशात,” बायको म्हणाली. तिचं शिवणकामाचं दुकान आहे. ती तेव्हा एका ब्लाउजची बाही उसवत होती आणि लक्ष सगळं बाहीत होतं.

“शाब्बास! आणि तुझं ते जुनं कार्ड कपाटात ठेव. ते साडेतीन टक्के खातं.”

“बरं,” ती म्हणाली. बावीस वर्षं बिलं तपासूनही एवढ्या सहज आलेल्या ‘बरं’चा मला संशय आला नाही.

हॉटेलात पोचलो. स्वागतकक्षातल्या मुलीने मशीन पुढे केलं. पडद्यावर दोन चौकोन आले. डावीकडे तिथले पैसे, उजवीकडे आपले. मी चित्त्याच्या चपळाईने डावं बटण दाबलं! “पाहिलंस?” मी बायकोला म्हटलं. “डावं. एवढंच लक्षात ठेवायचं.” त्या मुलीने खोलीत काही मोडतोड झाली तर म्हणून वर थोडी रक्कम अडकवून ठेवली. ती जाताना सुटणार होती, म्हणून मी मोठ्या मनाने संमती दिली.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात मशीनने काही विचारलंच नाही. नुसतं टिंग वाजलं! मला घाम फुटला. विचारलं नाही म्हणजे परस्पर आपल्या पैशात घेतले की काय? मी पावती मागितली. दुकानदार म्हणाला, आम्ही पावती छापत नाही. मी म्हटलं, मग मालकाला बोलवा. तो म्हणाला, मीच मालक. मागे सात-आठ माणसं उभी होती आणि त्यातला एक बहुधा आमच्याबद्दलच काहीतरी पुटपुटला. शेवटी मालकाने मशीन उलटंपालटं करून तिथल्याच पैशात व्यवहार झाल्याचं दाखवलं. तोवर कॉफी गार झाली होती. बायकोने ती तशीच प्यायली.

समारंभ तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला होता. आम्ही साडेनवालाच विद्यापीठात हजर! लेक दारातच भेटली. नवे बूट, केस व्यवस्थित बांधलेले, आणि हात बर्फासारखे गार. “बाबा, झगा साडेदहापर्यंत घ्यायचा. मग आम्हाला आत रांगेत उभं करतात. आणि हॉलचे दरवाजे अकराला बंद होतात. एकदा बंद झाले की कुणालाही घेत नाहीत.”

“तास पडलाय अजून!” मी म्हटलं.

झगे एका लांबट खोलीत मिळत होते. भिंतीला लागून झग्यांच्या रांगा, समोर टेबल आणि टेबलामागे जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई. बायकोने पहिलं काम काय केलं, तर झग्याची कड उलटून शिवण पाहिली. “टाके बघा केवढे लांब घातलेत! निम्म्या पैशात मी शिवून दिला असता,” ती म्हणाली.

अनामत चांगलीच भक्कम होती. झगा परत केला की पैसे परत, त्यामुळे माझी हरकत नव्हती. मी कार्ड दिलं. चष्मेवालीने ते मशीनवर ठेवलं आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच एक बटण दाबलं. पावती बाहेर आली. वाचतो तर काय, आपल्या पैशात!

“बाई, हे काय केलंत?”

“तुमच्या सोयीसाठी,” ती हसून म्हणाली. “परदेशी पालकांसाठी मी नेहमी तेच दाबते. त्यांना रक्कम कळते.”

म्हणजे ही बाई दर वर्षी शेकडो आईबापांना हसतमुखाने लुटत होती, आणि तेही सोय म्हणून! माझ्यातला बिलतपासनीस जागा झाला. “रद्द करा. इथल्या पैशात पुन्हा करा.”

“बाबा, असू दे ना,” लेक म्हणाली.

“असू दे कसं? तत्त्वाचा प्रश्न आहे!”

चष्मेवाली म्हणाली, “रद्द करता येईल, पण तुमच्या बँकेकडून रक्कम मोकळी व्हायला पाच दिवस लागतात.”

“लागू देत,” मी म्हटलं. इथे जरा थांबून विचार करायला हवा होता, असं आता वाटतं.

व्यवहार रद्द झाला. “आता तुम्ही हात लावू नका,” मी चष्मेवालीला सांगितलं, “मीच दाबतो.” मशीन माझ्या हातात आलं. पडद्यावर दोन चौकोन आले. वाचायचा चष्मा हॉटेलच्या टेबलावर राहिला होता, पण मला वाचायची गरजच काय? डावं! मी दिमाखात डावं बटण दाबलं. पावती लेकीच्या हातात पडली आणि तिने डोळे मिटून घेतले.

“बाबा, यात डावीकडे आपले पैसे होते.”

“असं कसं? हॉटेलात डावीकडे तिथले होते!”

“मशीन वेगळं आहे ना हो,” बायको म्हणाली.

मी पुन्हा रद्द करायला लावलं. हो, लावलं! एकदा रद्द केलेलं आपल्या हाताने पुन्हा कसं स्वीकारायचं? मागे रांग दारापर्यंत गेली होती. एक आजोबा झग्यांच्या खोक्यावरच बसले. तिसऱ्या वेळी लेकीने पडदा मोठ्याने वाचून दाखवला, बायकोने माझं बोट धरून उजव्या चौकोनावर नेलं आणि आम्ही तिघांनी मिळून अगदी बरोबर बटण दाबलं. मशीनने जरा विचार केला आणि लांबलचक सूर काढला.

“नाकारलं,” चष्मेवाली म्हणाली.

“का?”

“मर्यादा संपली म्हणतंय.”

मी मनातल्या मनात बेरीज केली. हॉटेलात अडकलेली रक्कम, पहिली अनामत, दुसरी अनामत. दोन्ही रद्द झालेल्या, दोन्ही पाच दिवस अडकलेल्या. आणि मर्यादा तर मी स्वतः बँकेत जाऊन, कारकुनाला शहाणपण शिकवून, कमी करून आणली होती. माझे पैसे माझेच होते, फक्त मला देता येत नव्हते.

लेकीने आपलं कार्ड काढलं आणि परत ठेवलं. “घरभाडं कालच गेलं. अनामतीएवढे नाहीत माझ्याकडे,” ती म्हणाली. घड्याळात दहा पंचवीस झाले होते. दुसऱ्या मुली झगे सावरत, हसत समोरून जात होत्या. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या बुटांकडे बघत होती. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. दोन वर्षं पोरीने राब राब राबून मिळवलेलं आणि बाप शंभरामागच्या पाचासाठी तिला झग्यावाचून उभं करतोय!

“सरा बाजूला,” बायको म्हणाली.

तिने पर्स उघडली. पर्सच्या आत एक छोटी पर्स, त्या पर्सला चेन, त्या चेनच्या आत रुमाल आणि रुमालात ते जुनं कार्ड! तिने ते चष्मेवालीच्या हातात दिलं आणि म्हणाली, “तुम्हाला हवं ते बटण दाबा.”

“अगं, पण ते साडेतीन टक्के... आणि वर मशीनचे...”

“एक शब्द बोलू नका!”

टिंग वाजलं. लेकीने झगा अंगात घातला. बायकोने दातात धरलेली टाचणी काढून मागची कड नीट बसवली, खांदे झटकले आणि तिला क्षणभर नुसतं न्याहाळलं. लेक पळत पळत रांगेकडे गेली. मागच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या तिच्यासाठी होत्या की रांग सुटल्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण माझा स्वभाव! रद्द झालेल्या दोन व्यवहारांच्या पावत्या माझ्याकडे नव्हत्या. उद्या बँक म्हणाली, कशावरून रद्द झाले, तर? मी बायकोला म्हटलं, “तू पुढे होऊन जागा धर. मी पावत्या घेऊन आलोच.”

“अहो, दहा चाळीस झालेत.”

“वीस मिनिटं आहेत! दोन कागद तर घ्यायचे.”

रांगेतल्या सगळ्यांचं होईपर्यंत चष्मेवालीने मला बाजूला उभं केलं, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. मग पहिली पावती अर्धी छापून मशीन थांबलं. कागदाची गुंडाळी संपली होती. ती नवीन गुंडाळी आणायला गेली. परत आली ती वेगळ्याच मापाची घेऊन. पुन्हा गेली. मला दोन्ही पावत्या मिळाल्या तेव्हा अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती.

मी धावलो. वयाच्या मानाने बरा धावलो. पण दरवाजे बंद, आणि समोर दारवान हात मागे बांधून उभा. मी कळवळून म्हटलं, “माझी मुलगी आहे आत!”

“सगळ्यांच्याच आहेत,” तो म्हणाला. तरी त्याला दया आली असावी. त्याने भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट दाखवलं. “यावर दिसतं सगळं. फक्त एक मिनिट मागे असतं.”

मी टीव्हीसमोर उभा राहिलो. पडद्यावर कुणीतरी भाषण संपवत होतं. मग नावं सुरू झाली. एकदा दारापलीकडून टाळ्या आल्या आणि त्यांत कुणीतरी बोटं तोंडात घालून सणसणीत शिट्टी मारली. आमच्या घरात अशी शिट्टी एकच बाई मारते, तीही कुकरच्या वरताण! म्हणजे आमची पोरगी स्टेजवर गेली होती. पडद्यावर मात्र भलताच एक दाढीवाला मुलगा पदवी घेत होता. मी त्या दाढीवाल्याकडे बघत एक मिनिट काढलं. मग ती आली. खांद्यावर झगा अगदी नीट बसला होता. तिने पदवी घेतली, वळली आणि माणसांच्या गर्दीत कुणालातरी शोधायला लागली. मी टाळ्या वाजवल्या. आतल्या टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. त्या मोकळ्या व्हरांड्यात मी एकटाच वाजवत होतो. नंतर दारवानाला राहवेना, म्हणून त्यानेही दोन वाजवल्या.

समारंभ सुटला. लेक धावत आली, आधी आईच्या आणि मग माझ्या गळ्यात पडली. “आई, तुझी शिट्टी ऐकली मी! पण बाबा, तुम्ही दिसला नाहीत. कुठे बसला होतात?”

“मागे,” मी म्हटलं. हातातल्या दोन पावत्या मी हळूच खिशात सारल्या. “जरा मागेच मिळाली जागा.”

“किती मागे?”

मी बायकोकडे पाहिलं. ती मुलीच्या झग्याची कड पुन्हा सारखी करत होती. मान वर न करताच म्हणाली, “पार मागे गं. दाराच्याही मागे.”