एका तोंडाचा रावण

साडूच्या घरभरणीला बाजारातलं घड्याळ द्यायचं नाही, असं तलासरीच्या मुकेशने ठरवलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

त्याने वापीहून नक्षी कापायचं मशीन आणलं होतं. दिसायला शिलाई मशीनसारखंच, फक्त सुईच्या जागी करवतीचं केसाएवढं पातं. त्यावर आजवर त्याने एक ओम कापला होता (बरा होता) आणि एक मोर (शेजाऱ्यांनी बदकाचं कौतुक केलं).

"रामायणातलं काहीतरी करा," त्याची बायको भारती म्हणाली. "आमच्या ताईला, निर्मलाताईला आवडेल."

मोबाइलवरच्या डिझाइनांत मुकेशला सगळ्यांत भरगच्च सापडलं ते सीताहरण. ढगांत विमान, विमानात दहा तोंडांचा रावण, शेजारी हात वर केलेली सीता, खाली जटायू.

"घरभरणीला सीताहरण?"

"कारागिरी बघ गं, प्रसंग काय बघतेस!"

प्लायवर प्रिंट चिकटवून तो कापायला बसला. रावणाच्या माना आगकाडीएवढ्या. पहिलं डोकं उडालं तेव्हा मुकेशने गोंद आणला. दुसरं गेलं तेव्हा पातं बदललं. तिसऱ्यानंतर त्याने व्होल्टेजला शिव्या घातल्या. उरलेली मग न सांगताच गेली. घरभरणीच्या आदल्या संध्याकाळी रावणाला मधलं तेवढं एक तोंड शिल्लक होतं.

भारतीने डोकावून पाहिलं. "हा कोण?"

"राम."

"दुपारी रावण होता ना?"

"दुपारी त्याला डोकी जास्त होती."

भारतीने कपाळाला हात लावला. "अहो, मी माहेरी सगळ्यांना फोन करून सांगितलंय, यांनी स्वतःच्या हातानं केलंय म्हणून!"

म्हणजे आता राम होण्यावाचून रावणाला गत्यंतर नव्हतं. मुकेशने पॉलिश पेपरने त्याच्या मिशा घासल्या. मिशांबरोबर थोडं नाकही गेलं. मागे भगवी मखमल, पुढे काच, भोवती सोनेरी फ्रेम आणि खाली सुवाच्य अक्षरांत : 'प्रभू श्रीरामांचे पुष्पक विमानातून अयोध्येस आगमन.'

आशागडला साडूच्या नव्या घरात फ्रेमवरचा कागद निघताच सगळ्यांनी हात जोडले. मुकेशनेही जोडले, आणि इतरांपेक्षा मनापासून जोडले.

एवढ्यात साडूची, म्हणजे सुनिलची, आत्या सोनीबाई चष्मा पुसत पुढे आली. ती गावच्या भजनी मंडळाची प्रमुख. रामायणातल्या लोकांबद्दल ती शेजारच्या घरातल्यासारखी बोलायची.

"सीता रडतेय का हो, पाहुणे?"

"आनंदाश्रू आहेत, आत्या."

"आणि हात कशाला वर केलेत?"

"टाटा करतेय. लंकेतल्या लोकांना."

"हा एवढा मोठा पक्षी मधे कुठून आला?"

"विमान म्हटलं की पक्षी मधे येतातच."

सोनीबाईने काचेला नाक लावलं. "सगळं खरं. पण लक्ष्मण कुठंय?"

मुकेशच्या पाठीवरून घामाची धार निघाली ती कमरेपाशी येऊन थांबली. भारती वरचा नवा पंखा फारच बारकाईने बघू लागली.

"लक्ष्मण ना," मुकेश म्हणाला, "लक्ष्मण फोटो काढतोय."

आत कुकरसुद्धा शिट्टी द्यायचा थांबला. सोनीबाईने चष्मा कपाळावर चढवला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आमच्या नविनचंही तेच. सख्ख्या बहिणीच्या लग्नात एका फोटोत नाही बिचारा."

तिने फ्रेमला हळदकुंकू वाहिलं, निर्मलाताईंनी हार घातला आणि रावण रीतसर देवघराशेजारी भिंतीवर चढला. भारतीने अखेर पंख्यावरची नजर काढली. मुकेशने लाडू उचलला.

"पाहुणे, राम काय सुरेख जमलाय तुम्हाला!" सोनीबाई त्याच्या शेजारी येऊन बसली. "आता दसऱ्याला आमच्या मंडळासाठी एक रावण कापून द्या."

मुकेशने लाडू परत ताटात ठेवला. "रावण?"

"घाबरता काय! राम कापायला कसलेला हात लागतो माणसाचा," सोनीबाई त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाली. "रावण काय, कुणालाही जमतो."