आजोबांचे निधन झालेले नाही

लिहायचा कंटाळा करणारी तीस मुलं आणि एक महिना द्या, त्यातली पंचवीस तरी लिहिती करून दाखवतो, असं मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं तेव्हा माझा आवाज जरा वरच लागला होता. एका दैनिकाच्या संपादन विभागात तीस वर्षं मी दुसऱ्यांचं लेखन सरळ करत आलो. निवृत्तीनंतर सरळ करण्यासारखी घरात फक्त किराण्याची यादी उरली होती.

बायको त्याच शाळेत गणित शिकवते. वीस वर्षांत तिने बाईंकडे जादा खडूसुद्धा मागितला नव्हता. तिने माझ्यासाठी शब्द टाकला आणि मला आठवीचा वर्ग मिळाला, महिनाभर, प्रयोग म्हणून. पुढचं नंतर ठरणार होतं. घरी येताना बायको एवढंच म्हणाली, "अहो, माझी लाज राखा. मला तिथे अजून अकरा वर्षं काढायची आहेत."

माझी पद्धत साधी होती. प्रत्येकाने ग्रंथालयातून एक लेखक निवडायचा आणि त्याला गुरू करायचं. गुरूचं एकच पान पाच वेळा वाचायचं. तो सुरुवात कुठून करतो, वाक्य कुठे तोडतो, काय सांगतो आणि काय पोटात ठेवतो, ते टिपायचं. मग त्याच चालीवर आपल्या घरातली गोष्ट लिहायची. अट एकच, दैनिकातली: खोटं काही चालणार नाही. चाल गुरूची, माहिती घरची!

मुलं पेटली. सारखी उलटतपासणी करतो म्हणून ज्याला सगळे वकील म्हणत, त्याने रहस्यकथा लिहिणारा गुरू धरला. बेकरीवाल्याची मुलगी चिमणी, चणीने आणि आवाजानेही चिमणीच, तिने अशा कादंबरीकार बाई निवडल्या की त्यांच्या पुस्तकांची पानं वाचकांच्या डोळ्यांतल्या पाण्याने फुगली होती.

वकिलाने लिहिलं: 'पहाटे बाबांनी करवत दोनदा धुतली. आईने विचारलं, कोणी पाहिलं तर नाही ना? बाबा काही बोलले नाहीत. पोतं जड होतं.' मी चौकशी केली. शेजाऱ्यांच्या झाडाची फांदी यांच्या गच्चीवर येत होती, ती बाबांनी न विचारता कापली होती. म्हणजे सगळं खरं. मी शाबासकी दिली.

चिमणीने लिहिलं: 'सोमवारपासून आजोबांची खुर्ची रिकामी आहे. त्यांची काठी दाराशी तशीच उभी आहे. धाकटा रडला. आई म्हणाली, जायचं होतं ते गेले, आता रडून काय उपयोग.'

मी वही मिटून तिला जवळ बोलावलं. आजोबा गेले कुठे, असं हळूच विचारलं.

"आत्याकडे, सर. रविवारी येतील. धाकट्याला नेलं नाही म्हणून तो रडला."

"मग तसं लिही की!"

"माझ्या गुरू कारण सांगत नाहीत, सर. त्या वाचकावर सोडतात."

मुलगी शिकली होती. तरी मी अनुभवी माणूस, शेवटी एक ओळ खुलाशाची घालायला लावली.

बुधवारी पालकसभा होती. मी सगळे लेख व्हरांड्यातल्या फलकावर लावायला घेतले. जागा कमी पडली. आता, दैनिकात मजकूर बसला नाही तर एकच नियम असतो: खालून कापा. तीस वर्षांची सवय! कात्री घेतली आणि प्रत्येक लेखाची शेवटची ओळ उडवली. फलक देखणा दिसत होता.

बेकरी सोडून येणं जमत नाही म्हणून चिमणीचे आईवडील सभेला आले नव्हते. बाकी सगळे आले आणि सगळ्यांनी वाचलं. पोरीला विचारून तिची जखम कशाला उघडी करा, असं सगळ्यांचंच मत पडलं. गुरुवारी प्रार्थनेनंतर दोन मिनिटं शांतता पाळली गेली. कोणासाठी ते बाईंनी नाजूकपणे सांगितलं नाही. मी आपला, असेल कोणी मोठा माणूस, म्हणून मान खाली घालून उभा. पहिल्या रांगेत चिमणीही डोळे मिटून उभी होती, अगदी मनापासून.

वकिलाचे शेजारी पालकसमितीवर होते. करवत, पोतं आणि आपलं बोडकं झाड यांची सांगड त्यांनी तिथल्या तिथे घातली. त्यांचं आणि वकिलाच्या वडिलांचं बोलणं सभेच्याच संध्याकाळी दोन गल्ल्यांपर्यंत ऐकू येत होतं.

रविवारी आठ माता फुलं घेऊन बेकरीवाल्याकडे भेटायला गेल्या. दार आजोबांनी उघडलं.

सोमवारी बाईंच्या खोलीत मी उभा होतो आणि बायको खुर्चीत बसली होती. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. बाईंनी आवाज न चढवता सांगितलं की खुलासा लिहा, आजच घरोघरी जाईल, आणि वर्गाचं काय ते उद्या पाहू.

वेळेत मजकूर देणं हे तर माझं कामच! दहा मिनिटांत लिहून दिला. मुख्य बातमी पहिल्या वाक्यात, शिस्तीप्रमाणे: 'इयत्ता आठवीतील विद्यार्थिनीच्या आजोबांचे निधन झालेले नाही.'

तोवर ही भानगड साठेक घरांना ठाऊक होती. खुलासा चारशे घरांत गेला. तासाभरात शाळेचा फोन तापला. कोणते आजोबा? झालं काय त्यांना? आणि काही झालं नाही, तर शाळा एवढं ठासून का सांगतेय? एका गृहस्थांनी तर, आमचेही ठीक आहेत, नोंद घ्या, असं कळवलं.

मंगळवारी आजोबा स्वतः काठी टेकत शाळेत आले, सोबत चिमणी. मी क्षमा मागितली. ते म्हणाले की तक्रार नाहीच. दार उघडायच्या आधी बाहेर त्या आठजणी त्यांच्याविषयी जे बोलत होत्या, तेवढं चांगलं घरात कोणी कधी बोललं नव्हतं. फक्त आता घरीही यायला लागलेले फोन आवरा.

बाईंनी कागद पुढे केला. मी हात लांबवला. बाईंनी तो माझ्या हातावरून चिमणीला दिला. तिने उभ्याउभ्या लिहिलं: 'माझे आजोबा सहा दिवस आत्याकडे गेले होते. आता आले आहेत. फोन करू नका, ते दुपारी झोपतात.'

दुपारपर्यंत फोन थांबले.

हे कोणत्या गुरूकडून उचललंस, असं मी विचारलं. ती जरा ओशाळली. म्हणाली, "कोणाकडून नाही, सर. घाई होती."

बाईंनी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "वर्ग चालू राहू दे. मुलं चांगली तयार झालीत. यांना मात्र अजून एक महिना लागेल."